अकरा आवृत्त्यांचं पत्र

माझ्या हातून आयुष्यात फारसं काही बिघडलेलं नाही. यात माझं कौतुक काही नाही. मी फारसं कशाला हातच लावलेला नाही. चौतीस वर्षं एका ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक देण्यात गेली आणि तिथे मोडण्यासारखं काही नव्हतं. घरातले खिळे, नळ, फ्यूज आणि नातेवाईक हे सगळं खातं हिच्याकडे होतं. ही गेल्याला चौदा महिने झाले. तेव्हापासून घरात एखादी वस्तू बिघडली की मी ती दुरुस्त करत नाही, तिच्याशिवाय राहायला शिकतो. न्हाणीघरातला दिवा गेला तेव्हा मी आंघोळ दिवसाउजेडी करू लागलो. स्वयंपाकघरातलं घड्याळ बंद पडलं तेव्हा भूक लागली की जेवू लागलो. त्यात एक तोटा असा झाला की आठवडाभर मला भूक लागलीच नाही.

या हिशेबाने, इंटरनेट कंपनीचा डबा तापून बंद पडला तेव्हा मी इंटरनेटशिवाय राहायला शिकायला हवं होतं. पण मुलगी दूरदेशी राहते. तिचे फोटो, नातीची चित्रं, ‘गोळ्या घेतल्या का?’ हे सगळं त्या डब्यातून येतं. शिवाय खालच्या मजल्यावरचे लिफ्टवाले त्याच डब्यावर होते. हे गृहस्थ आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आले आणि आता निवृत्तीनंतर कुठल्याशा अनोळखी माणसाशी इंटरनेटवर बुद्धिबळ खेळतात. आमच्या दोघांत एकच लाइन. माझ्या खिडकीतून त्यांच्या खिडकीत एक वायर लोंबते. डबा बंद पडला आणि दहा मिनिटांत माझ्या दारावर थापा पडल्या.

“अहो लायब्ररी! माझा वजीर मधल्यामध्ये लटकलाय!”

कंपनी म्हणाली, नवा डबा तीन आठवड्यांनी. मग मी आयुष्यभर जे करत आलो तेच केलं. पुस्तक वाचलं. ग्रंथालयातून ‘बाद’ शिक्का मारून काढलेला नऊशे पानांचा एक ग्रंथ माझ्याकडे होता, कुणीच नेला नाही म्हणून मी घरी आणलेला. त्यात लिहिलं होतं की कोणताही जुना संगणक घर आणि बाहेरची लाइन यांच्यामध्ये बसवता येतो. एका बाजूने जे येईल ते त्याने दुसऱ्या बाजूला द्यायचं, बस्स. वर्णन वाचून मला त्या संगणकाबद्दल आपुलकी वाटली. ग्रंथालयात मी वेगळं काय केलं?

मुलीच्या खोलीत तिचा जुना संगणक चादरीखाली होता. चार दिवस मी त्याच्यासमोर पुस्तक उघडून बसलो. एकोणिसाव्या प्रकरणातला एक परिच्छेद तर मला इतका पटला की मी पेन्सिलीने खूण केली. ‘असं यंत्र येणाऱ्याजाणाऱ्याला सतत काही ना काही कळवत बसतं: हे पोचलं नाही, ते चालत नाही. ज्यांना शांतता हवी त्यांनी या सूचना बंद कराव्यात.’ शांतता कुणाला नको असते? मी नियम क्रमांक सात लिहिला: यंत्राने कुणालाही कसलीही सूचना देऊ नये. आणि पाचव्या दिवशी सकाळी, मला अजून खरं वाटत नाही, ते चाललं! बातम्या उघडल्या, फोटो आले. खालून आरोळी आली, “वजीर सुटला!”

त्या दिवशी मी दुकानात, जिन्यात, दवाखान्याच्या रांगेत, ज्याने विचारलं नाही त्यालासुद्धा सांगितलं की आमच्याकडचं इंटरनेट मी स्वतः बांधलेलं आहे. पुढे जे झालं ते ऐकताना हा माझा मिरवणूक काढलेला दिवस लक्षात ठेवावा.

सोमवारी मुलीचा निरोप आला. ‘बाबा, सुट्टीत तिकडे दोन आठवडे यायचा विचार आहे. पण तुमची ओढाताण होणार असेल तर राहू दे. शुक्रवारी तिकिटं काढायची आहेत, तोवर खरं काय ते सांगा.’

आता हे फोनवर सांगता आलं असतं हे मलाही कळतं. पण चौतीस वर्षं जिथे कुजबुजूनच बोलायचं तिथे काढलेल्या माणसाचा फोनवर निभाव लागत नाही. दर रविवारी मुलीचा फोन येतो. ती विचारते, “काय चाललंय?” मी म्हणतो, “काही नाही.” मग हवामान, मग गोळ्या, मग ठेवतो. पूर्वी ही माझ्या हातातून फोन ओढून घ्यायची, आणि माझ्या मनात होतं ते सगळं तीच बोलून टाकायची. मी नुसती मान हलवायचो.

म्हणून मी माझ्या संगणकावर पत्र लिहिलं. चार पानी. तुझी खोली मी झाडून ठेवली आहे, या. नातीने मागच्या वेळी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने आपली उंची मांडली होती, ती रेघ मी रंगाऱ्याला पुसू दिली नाही, या. मी सकाळी अजून दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. घरात दुसरं कुणी नुसतं खोकललं तरी मला बरं वाटेल. या. असं आयुष्यात मी कधी लिहिलं नव्हतं. डोळे मिटून बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं आली: ‘पाठवत आहे’.

तासाभराने पाहिलं, पाठवतच होतं. जेवून आलो, पाठवत होतं. दुपारची झोप काढून आलो. कुणाचा एवढा सोशिकपणा मी आजवर पाहिलेला नाही. शेवटी एक लाल रेघ उमटली आणि पत्र ‘जायचे’ या कप्प्यात जाऊन बसलं.

एखाद्या सरळ माणसाने यंत्रात खोट काढली असती. मला वाटलं, पत्रातच खोट आहे. यंत्रालासुद्धा ते जास्त वाटलं असावं. म्हणून मी सुधारित दुसरी आवृत्ती काढली. कप काढले, खोकला ठेवला. ‘पाठवत आहे’. तिसऱ्या आवृत्तीत खोकला गेला. चौथीत चौकटीवरची रेघ. पण पहिली आवृत्ती काही मी फेकली नाही, दुसरीही नाही. जुनी आवृत्ती टाकून देणं हे आमच्या धंद्यात पाप समजलं जातं. सगळ्या ‘जायचे’ कप्प्यात ओळीने लावून ठेवल्या, क्रमांकासकट.

बुधवारी सातवी आवृत्ती अडकल्यावर मी कंपनीला फोन लावला.

“सर, मी इथून तुमची लाइन तपासते हं,” पलीकडची बाई म्हणाली. “मी निरोप पाठवला, तो परत आला. लाइन उत्तम आहे.”

“पण माझं पत्र जात नाही.”

“तुम्हाला बातम्या दिसतात?”

“दिसतात.”

“फोटो येतात?”

“येतात. येतं सगळं हो. जात नाही.”

“म्हणजे चालू आहे, सर.”

“थोडकं जातं. जास्त जात नाही.”

“थोडकं जातंय ना? मग चालू आहे!” आणि फोन ठेवायच्या आत माझ्या फोनवर संदेश आला: ‘तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. आपण समाधानी आहात का? एक ते पाच आकडा दाबा.’ मी तीन दाबला. वाईट वाटू नये म्हणून. अशी माझी तक्रार दोन दिवसांत चार वेळा सोडवण्यात आली.

लिफ्टवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले, “माझं झकास चाललंय. काल घोडा मारला.” एक चाल म्हणजे ती केवढी? दोन अक्षरं आणि एक आकडा. ती कुठेही अडकत नाही.

मग जिन्यात वरच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना मी आडून विचारलं की समजा, एखाद्याचं पत्र फार लांबत असेल तर? पिशवी कठड्यावर ठेवून त्या म्हणाल्या, “सारांश! एक तृतीयांश. आधी विशेषणं काढायची. मग उदाहरणं. भावना कंसात घालायच्या आणि मग कंस गाळायचे. पोरांना मी हेच सांगायचे. काय उरतं बघा.”

गुरुवारी सकाळी काय उरलं ते मी पाहिलं. अकरावी, संक्षिप्त आवृत्ती: ‘तुझा निरोप मिळाला. इकडे सर्व ठीक. माझी काही अडचण नाही. तुम्ही तुमची सोय बघून ठरवावं. बाबा.’

डोळ्याचं पातं लवायच्या आत गेली.

मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. गेली! माझं काहीतरी या घरातून बाहेर पोचलं! काय पोचलं, हा विचार चहा होईपर्यंत मनात आला नाही. आला तेव्हा तिचं उत्तरही आलं होतं. ‘बरं बाबा. कळलं. मग या वेळी राहू दे. जपा.’

मी ते चार वेळा वाचलं. त्याचा सारांश करण्यासारखं काही नव्हतं.

दारावर थापा पडल्या. माझ्या दाराची बेल वाजत नाही. ही गेली तेव्हा भेटायला येणाऱ्यांनी ती इतकी वाजवली की तेराव्या दिवशी मी तिची वायर काढून टाकली. लिफ्टवाले आत आले, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि न विचारता स्टुलावर बसले. मी त्यांना सगळं सांगितलं. आवृत्त्यांसकट.

“अहो, मग ‘या’ लिहा की! एवढंच. माझ्या घोड्याच्या चालीएवढं आहे ते. सुटेल.”

“असं एकदम कसं लिहिणार?”

“बोटाने.”

“ती आता ‘राहू दे’ म्हणालीय. त्यावर मी ‘या’ म्हटलं की ते गळ्यात पडल्यासारखं होतं. तिला वाटेल, म्हातारा आता रडतोय.”

“मग काय करणार?”

मी त्यांना माझा विचार सांगितला. मला अजून तो योग्य वाटतो, पण सांगताना माझा आवाज जरा बारीक झाला होता. पहिल्या आवृत्तीवर सोमवारची तारीख आहे. ती जर पोचली, तर मी नकारानंतर विनवण्या करतोय असं होणार नाही. मी आधीच बोलावलं होतं आणि टपालाने घोळ केला, असं होईल. म्हणजे पहिली आवृत्तीच जायला हवी. जशीच्या तशी. आणि उद्या तिकिटांच्या आत.

लिफ्टवाले स्टुलावरून उठले. “लायब्ररी,” ते म्हणाले, “तुम्ही दारातून बाहेर पडायला भिंत पाडणारे आहात.” आणि गेले.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मी ग्रंथाचं एकविसावं प्रकरण उघडलं. त्यातून कळलं ते असं. आपण जे पाठवतो ते एकसंध जात नाही. संगणक त्याची पुडकी बांधतो. पूर्वी एखादं पुडकं पुढच्या दारातून मावलं नाही तर मधलं यंत्रच ते फोडून दोन करायचं. हल्ली प्रत्येक पुडक्यावर ‘फोडू नये’ असा शिक्का असतो. न मावणारं पुडकं मग दारातच टाकून दिलं जातं. पुढचं पान मी घाईत उलटलं. ते उलटायला नको होतं.

पुस्तकात चाचणीही दिली होती. ठरावीक आकाराचं कोरं पुडकं पाठवायचं; पोचलं तर पलीकडून पोच येते. मी ग्रंथालयातली जुनी दाखल-वही काढली, रेघा मारल्या आणि हजार बाइटांपासून सुरुवात केली. बाइट हे संगणकाचं वजनमाप. हजार: पोच आली. हजार एक: पोच आली. हजार दोन: पोच आली. प्रत्येक नोंद शाईने.

खरं सांगायचं तर ती सकाळ मला आवडली. मी काही पाठवावं आणि पलीकडून कुणीतरी लगेच ‘मिळालं’ म्हणावं, असं बरेच महिने झालं नव्हतं. घाई करायला हवी होती, तिकिटांचा दिवस होता, पण मी एकेक पायरी चढत राहिलो. माणूस वर्षभर बोलला नसेल तर त्याला ‘हं, हं’ करणारं कुणी भेटल्यावर उठवत नाही. चारशे पासष्ट वेळा मला उत्तर मिळालं. चौदाशे चौसष्टपर्यंत. चौदाशे पासष्टला काहीच आलं नाही. पुन्हा पाठवलं. काही नाही. एका बाइटाने सगळं बंद.

तेवढ्यात थापा. लिफ्टवाल्यांनी वही पाहिली आणि डोक्याला हात लावला.

“हे सगळं एकेक करत आलात? हजारापासून? अहो, मधोमध टोला मारायचा! वर अडकलं तर खाली, खाली सुटलं तर वर. दहा खेपांत झालं असतं!”

“नोंदी सलग हव्यात,” मी म्हणालो. दुखावलो होतो.

“बरं, कळलं काय?”

“वेष्टन धरून दार चौदाशे ब्याण्णवचं आहे. माझा संगणक पंधराशेची पुडकी बांधतोय. आठ बाइट जास्त.”

“आठ म्हणजे केवढं?”

“आपल्या लिपीत एका खुणेला तीन बाइट लागतात. म्हणजे अडीच अक्षरं.”

“आणि ‘या’?”

“य आणि काना, सहा. पूर्णविराम दिला तर सात.”

“म्हणजे तरी एक उरतो!” ते म्हणाले आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी वहीत पाहू लागलो. मग ते गंभीर झाले. त्यांच्या धंद्याचं काहीतरी त्यात त्यांना दिसलं असावं. “पण मला एक सांगा. लिफ्टमध्ये माणसं जास्त झाली की काय होतं?”

“चालत नाही.”

“तसं नाही. घंटी वाजते. घंटी वाजली की एक जण उतरतो आणि लिफ्ट चालते. एका इमारतीत मला बोलावलं, लिफ्ट उभीच. दार उघडं, आत माणसं, एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. मोटर ठीक, दोर ठीक. मी दोन तास घातले. मग कळलं, पहिल्या मजल्यावरच्या एकाला घंटीचा त्रास व्हायचा म्हणून त्याने वायर कापली होती. जड झालंय हे कुणाला कळायला मार्गच नाही! तसं तुमचं हे यंत्र, पुडकं मोठं झालं तर तुमच्या संगणकाला काही कळवत नाही का? ‘बाबा रे, लहान बांधून आण’ असं?”

मी घाईत उलटलेलं पान परत उलटलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं. ‘पुडकं न मावल्यास मधलं यंत्र पाठवणाऱ्याला तशी सूचना देतं.’ मी एकोणिसावं प्रकरण काढलं, पेन्सिलीची खूण शोधली आणि त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी वाचलं. “नियम क्रमांक सात कुणी लिहिला?”

“मी.”

“म्हणजे पाच दिवस हे बिचारं दारात बसून ‘मोठं आहे, मोठं आहे’ म्हणून ओरडतंय, आणि तोंडावर हात कुणाचा?”

मी ग्रंथ मिटला. ते दाराच्या बाजूला, बेलच्या डबीकडे बघत होते. पण बेलचं नाव त्यांनी काढलं नाही. सभ्य माणूस आहे.

मी नियम क्रमांक सात खोडला. यंत्र चालू केलं. चौदाशे पासष्टचं पुडकं पाठवलं. क्षणात सूचना आली: ‘मोठं आहे, वेष्टनासकट चौदाशे ब्याण्णवपर्यंत आणा.’ इतक्या सौजन्याने मला कुणी ‘नाही’ म्हटलेलं नाही. आता पहिली आवृत्ती तेवढी पाठवायची म्हणून मी ‘जायचे’ कप्पा उघडला.

तो रिकामा होता.

“गेली?” लिफ्टवाल्यांनी विचारलं.

“सगळ्या गेल्या,” मी म्हणालो. “वाट मोकळी होताच, आपोआप. दहाच्या दहा.”

ग्रंथालयाच्या चौतीस वर्षांत माझ्याकडून एकही पुस्तक चुकीच्या माणसाकडे गेलं नव्हतं. आणि आता कप असलेली, कप नसलेली, खोकला असलेली, खोकला काढलेली, अशा माझ्या धिटाईच्या आणि भित्रेपणाच्या सगळ्या पायऱ्या एका रांगेने, क्रमांकासकट, मुलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. कोणत्या दिवशी किती वाजता बाप किती घाबरला, हे तिला आता तारखेवार वाचता येत होतं. मला म्हणायचं होतं ‘परत घ्या’. पण कुणाला म्हणणार? लाइन उत्तम होती.

लिफ्टवाल्यांनी चहा केला. कपाटातून दोन कप त्यांनी काढले. मी नुसता पाहत राहिलो.

दुपारी उत्तर आलं. मी चष्मा पुसला, मग पुन्हा पुसला. शेवटी लिफ्टवाले म्हणाले, “वाचू का मी?” आणि मी मान हलवली.

“‘बाबा,’” त्यांनी वाचलं, “‘आज एकदम दहा पत्रं आली. सगळी वाचली. पहिल्यात तुम्ही सहा वेळा “या” म्हणालाय. दुसऱ्यात पाच वेळा. पाचव्यात दोनदा. दहाव्यात एकदा, तेही “जमलं तर या”. आणि जे आधी पोचलं त्यात एकदाही नाही. मी पहिलं खरं धरलंय. तिकिटं काढली. पुढच्या शनिवारी सकाळी येतो. नातीला रेघेबद्दल सांगितलं, ती आत्ताच टाचा उंच करून चालतेय. आणि बाबा, बेल तेवढी जोडून घ्या. मागच्या वेळी मी वीस मिनिटं दार वाजवत होते, तुम्ही आत वाचत होतात.’”

ते थांबले. “खाली काही नाही. संपलं.”

मी उत्तर लिहायला बसलो. मनात चार पानं तयार होती: नियम सातचा खुलासा, पुडक्यांचं प्रकरण, दहा पत्रांबद्दल दिलगिरी. लिफ्टवाले पाठीमागे उभे होते. मी एक शब्द लिहिला, पूर्णविराम दिला आणि पाठवला. गेला. एक बाइट उरला.

मग ते खाली जाऊन वायरचा तुकडा आणि पक्कड घेऊन आले. मी स्टूल धरलं. काम पाच मिनिटांचं होतं. चौदा महिने मी ते केलं नव्हतं. ते बाहेर गेले, मी आतून दार लावलं आणि मधल्या खोलीत जाऊन उभा राहिलो.

बेल वाजली. मी दचकलो. आवाज तोच होता, जरा धूळ बसलेला.

“कोण?” मी आतून विचारलं.

“कोण म्हणजे? लिफ्टवाला! आज दुसरं कोण येणार?”

“आज कुणी नाही,” मी म्हणालो आणि दार उघडायला निघालो. “शनिवारी.”